काळी खसखस

सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी लग्नाआधीचं सगळं सांगितलेलं आहे. लग्नानंतरचंही जवळपास सगळं – त्याच्या बहिणीने दिलेली साडी मी परस्पर कुणाला देऊन टाकली, तेसुद्धा. हे एवढं एकच त्याला माहीत नाही. आईला फोनवर सांगावंसं वाटलं होतं एकदा, पण त्या दिवशी तिचा आवाज दमलेला वाटला, म्हटलं पुढच्या वेळी. आणि मग ती गेलीच. त्यामुळे हे ऐकणारे पहिले तुम्हीच. आपली ओळख नाही, हे एका परीने बरंच आहे.

पण लगेच मुद्द्यावर येत नाही. तेवढी हिंमत अजून गोळा झालेली नाही. आणि दुसरं असं की – कसं सांगू – ते दिवस मला फार आवडायचे. करोनाचे दिवस आवडायचे म्हटलं की माणसं चमकून बघतात. बघणारच. कितीतरी घरांतून माणसं गेली, आमच्याही घरातून गेली. तरी खोटं कशाला बोलू? डीमन या डच गावातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात आम्ही इतकी वर्षं राहतो आहोत, पण ते मला माझं वाटलं ते त्या दिवसांत.

एरवी डोक्यावरून सारखी विमानं जायची. ती थांबली, तेव्हा कळलं की खालच्या कालव्यातली बदकं एकमेकांशी किती भांडतात. ट्राम रिकामी यायची, रिकामी जायची. सतीशचं ऑफिस स्लोटरडाइकला. ते उठून आमच्या बेडरूममध्ये आलं. सई, माझी मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची – तिची शाळा जेवणाच्या टेबलावर भरायची. तिघं दिवसभर एका घरात म्हणजे भांडणांना ऊत यायला हवा होता. पण दुपारी एकत्र जेवायची सवय लागली आणि भांडणं उलट कमी झाली. सई इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत, नाहीतर डचमध्ये. त्या दिवसांत ती "आई, अजून वरण" एवढं मराठीत म्हणायला लागली. मला तेवढ्यानेही भरून यायचं.

आणि त्या दिवसांत माझी कुणाला तरी गरज होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आमचं मराठी मंडळ म्हणजे एरवी गणपती, दिवाळी आणि वर्षातून एक सहल. मी त्याची सचिव. 'माधुरीकाकूंना विचारा' हे वाक्य ऐकायला मला आवडायचं, नाही कशाला म्हणू? मग हॉटेलं बंद झाली. इथे शिकायला आलेली आपली मुलं संध्याकाळी हॉटेलांत वाढून, भांडी घासून स्वतःचा खर्च भागवायची. ती कामं गेली. सरकार लोकांना मदत करत होतं, पण ती या मुलांपर्यंत पोचत नव्हती. घरून मागावं, तर घरचे धंदेही बसलेले. मंडळाने ठरवलं, आपल्या मुलांना आपण बघायचं. वर्गणी जमली, किराणा जमला, आणि बुधवारी नि रविवारी डबे करायचं काम माझ्याकडे आलं.

घरी येण्याजाण्यावर तर बंधनं होती. मग मी दोरीला पिशवी बांधून डबा बाल्कनीतून खाली सोडायची. समोरच्या डच आजीबाई पहिल्या दिवशी खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी खुणेने विचारलं, मला पण मिळेल का? त्यांनाही मग पुऱ्या जायला लागल्या. मुलं सायकलवरून यायची, खालून हात करायची. त्यांतली ऋतुजा डबा सोडवून घेतला की दोरीला दोन हिसके द्यायची. भाजी चिरताना सुद्धा माझं अर्धं लक्ष त्या हिसक्यांकडे असायचं.

ऋतुजा परभणीची. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मास्टर्स करत होती. वडील लग्नाचे फोटोग्राफर – आणि लग्नंच होत नव्हती. उंच, किडकिडीत, बोलायला लागली की थांबायची नाही. डबा परत करताना ती तो कधी रिकामा द्यायची नाही. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, हे तिच्या आईने शिकवलेलं. पण तिच्याकडे होतं काय द्यायला? कधी दोन चमचे साखर, कधी कालव्याकाठची ब्लॅकबेरी, एकदा नुसतं एक लिंबू. मी लाडावून ठेवलं तिला. बाकीच्यांना चार पोळ्या, तर तिला पाच. बाकीच्यांना भाजी, तर तिला वर थोडा शिराही. आवडतं माणूस असतं ना एखादं.

ती दोनतीन गल्ल्या सोडून एका जुन्या इमारतीत राहायची. एका घरात दोन मुली, स्वयंपाकघर एक. दुसरी इटलीची, कियारा. हिरवे केस, सिगारेट स्वतः वळून ओढणारी. मला ती काही फारशी पसंत नव्हती. पण वसंतात ऋतुजाला करोना झाला, तेव्हा दाराबाहेर सूप ठेवायची ती कियाराच. आमच्याकडचा डबाही तीच सायकलवर येऊन घेऊन गेली होती. खाली उभी राहून तिने दोन्ही हात जोडून नमस्कार केला होता, मला आठवतं.

आता त्या नियमाचं सांगते.

ऑक्टोबर असेल. मदत घेणाऱ्या मुलांपैकी एकाला कुणीतरी कॉफीशॉपच्या बाहेर पाहिलं. इथलं कॉफीशॉप म्हणजे कॉफी सोडून जे मिळतं त्यासाठी लोक जातात ते. झालं, मंडळाच्या ग्रुपवर धुरळा उडाला. आम्ही इथे वर्गणी द्यायची आणि यांनी गांजा ओढायचा? काही देणगीदार म्हणाले, आम्हाला खात्री द्या, मग पुढचं बोला. त्यातच दुसरी एक गोष्ट चालू होती. ऋतुजाच्या खोलीचा करार नोव्हेंबरअखेर संपत होता, आणि तिला इंटर्नशिप मिळाली होती ती आइंडहोवनजवळच्या एका कंपनीत. त्या भागात खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. तेव्हा तिथल्याच बेस्ट नावाच्या गावात राहणारं आपलंच एक जोडपं पुढे आलं, दोघंही इंजिनिअर. वरची खोली मोकळी आहे, म्हणाले, पदवी होईपर्यंत राहू दे तिला. त्यांचं मूल लहान होतं. अमृताने, त्या घरच्या बाईने, मला हळूच विचारलं होतं, "माधुरीताई, मुलगी सरळ आहे ना? तुमच्या शब्दावर घेते आहे हं मी."

मी तेव्हा नुसतं 'हो' म्हणाले असते तर? पण मला वाटलं, सगळ्यांची तोंडं एकदम बंद होतील असं काहीतरी करावं. ऑनलाइन बैठकीत मीच सुचवलं – मदत घेणाऱ्या प्रत्येकाची ड्रग टेस्ट करायची. किट मिळतात, अवघड काही नाही. जो स्वच्छ आहे त्याला घाबरायचं कारण काय? असंही म्हणाले मी. फार छान बोलले. दोघांनी तिथल्या तिथे टाळ्यांची चिन्हं पाठवली.

एकटे जोगळेकरकाका विरोधात बोलले. ते इथे फार जुने, नोकरीतून केव्हाच मोकळे झालेले. ते म्हणाले, "मी या देशात आलो आणि सहा महिने बेकार होतो. गेमेंटेतल्या बाईने, म्हणजे नगरपालिकेतल्या हो, मला भत्ता दिला, वर कॉफी पाजली. बाटलीत लघवी कर म्हणाली नाही. आणि आपण आपल्याच पोरांना पानावर बसवून आधी लघवी तपासायची?" मी म्हणाले, काका, ते सरकार आहे, त्यांचं कुणाला काय पडलंय, ही आपली माणसं आहेत, म्हणून काळजी. बघा, मी त्याला काळजी म्हणाले. नियम मंजूर झाला आणि टेस्ट करून घ्यायची जबाबदारी, अर्थात, माझ्याकडे आली.

सईला कळलं तेव्हा ती टेबलावरून उठली आणि म्हणाली, "आई, दॅट्स सो मीन. तुझी करतंय का कोणी?" हे शेवटचं तिने मराठीत म्हटलं. मी म्हणाले, तुला नाही कळायचं. आणि अनारशांच्या पिठाचे तांदूळ भिजत घातले.

त्या वर्षीची दिवाळी – अजून डोळ्यांसमोर आहे. पाहुणे नाहीत, कार्यक्रम नाही, हॉल नाही. तरी मी सगळं केलं. चकल्या, चिवडा, आणि अनारसे. आईने शिकवल्यासारखे, तांदूळ तीन दिवस भिजवून, पाणी रोज बदलून. फक्त खसखस नव्हती. आपल्या दुकानात विचारलं तर म्हणाले, माल येत नाही हो. मग सुपरमार्केटमध्ये पावाच्या सामानात ती काळीनिळी खसखस मिळते ना – डच लोक तिला मानझाद म्हणतात आणि पावावर लावतात – तीच आणली. अनारसे काळेच दिसायला लागले. सतीश म्हणाला, मुंग्या लागल्यात काय गं? पण तुपात एकही हसला नाही, एकही विरघळला नाही, सगळ्यांना जाळी अशी पडली की मी ताटाचे फोटो आईला पाठवले. आईने लिहिलं, खसखस जरा कमी लाव. मी भरपूर लावली होती. काळी का असेना, दिसायला हवी म्हणून.

भाऊबीजेला ऋतुजा घरी आली. तेव्हा दोन पाहुण्यांना परवानगी होती, आम्हाला एकच पुरे होती. बाल्कनीत बसून तिने कॉफीबरोबर अनारसे खाल्ले. एकामागून एक. परभणीत तिची आजी करायची, म्हणाली, ती गेल्यापासून खाल्लेच नव्हते. डोळे पुसत खात होती आणि हसतही होती. जाताना मी तिला एक मोठा डबा भरून दिला. बाकीच्या मुलांना फराळाच्या पुड्यांमध्ये चकल्या आणि चिवडा होता. अनारसे फक्त तिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची टेस्ट होती, आणि ती म्हणाली की रात्री आणि सकाळी मी हेच खाणार, काकू, स्वयंपाकाला सुट्टी.

तुम्हाला कळलंच असेल. मला नव्हतं कळलं, एवढं मात्र खरं. खसखस म्हणजे अफूचं बी, हे आपल्याला शाळेत असल्यापासून माहीत असतं. झोप येत नसली की आई खसखशीची खीर करायची. पण ते स्वयंपाकघरात कुणाला आठवतं? ड्रग्ज म्हणजे बातम्यांत असतात ते. खसखस म्हणजे डब्यातली खसखस. मंडळात डॉक्टर होते, औषध कंपन्यांत काम करणारे होते, दिवाळीच्या तोंडावर टेस्ट ठेवताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

टेस्ट माझ्याच घरी. ती बाथरूममध्ये आणि मी दाराबाहेर उभी. नियमच तसा केला होता, अदलाबदल होऊ नये म्हणून. ती आतून म्हणाली, "काकू, यापेक्षा व्हिसाचा इंटरव्ह्यू बरा होता." मी हसले. तिला ते सोपं जावं म्हणून तीच विनोद करत होती, हे मला फार नंतर कळलं. त्या कपावर पट्ट्या असतात. रेघ उमटली म्हणजे ठीक, नाही उमटली म्हणजे सापडलं. एक पट्टी कोरी राहिली. आम्ही दोघी बघत राहिलो. रेघ आली नाही.

ती म्हणाली, परत करू या. मी मंडळाला विचारलं. कुणीतरी म्हणालं, दोन दिवसांनी केली तर काय, तोवर सगळं अंगातून निघून जातं. जोगळेकरकाकांनी विचारलं, मुलगी काय म्हणते? आणि मी म्हणाले – हे माझेच शब्द आहेत – "नाही म्हणते. नाहीच म्हणणार ना." अमृताचा फोन आला. रडवेली झाली होती बिचारी. घरात लहान मूल आहे ताई, म्हणाली. मी म्हणाले, तुझंही बरोबर आहे. खोली गेली. डबेही बंद करायचे ठरले. त्या बुधवारी मी दोरी खाली सोडली ती बाकीच्यांसाठी.

इथपर्यंत ती चूक होती. माझी, मंडळाची, सगळ्यांची. एवढंच असतं तर मी तुमच्याकडे आले नसते.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी सई चहाबरोबर अनारसा खात होती. तिने त्यावरचे काळे दाणे नखाने टिपले आणि विचारलं, "आई, धिस इज मानझाद, राइट?" मग अनारसा ताटलीत ठेवून दिला. त्यांच्या केमिस्ट्रीच्या सरांनी सांगितलं होतं म्हणे की मानझादचा पाव खाल्लेला माणूससुद्धा टेस्टमध्ये सापडतो. "ऋतुजाताईने किती खाल्ले होते?" तिने मराठीत विचारलं. मी म्हणाले, काहीतरीच काय, चिमूटभर खसखशीने काय होतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सई वर्गात – म्हणजे टेबलावर – आणि सतीश त्याच्या मीटिंगमध्ये असताना मी एक उरलेलं किट घेतलं. अनारसे मीही रोज खातच होते. बाथरूमचं दार लावून घेतलं. माझ्या दाराबाहेर कुणी उभं नव्हतं. कप बेसिनवर ठेवला आणि वाट बघत बसले. तीच पट्टी, तशीच कोरी.

तेव्हा काय वाटलं, ते सरळ सांगते. आधी वाटली सुटका. म्हणजे पोरगी खरं बोलत होती, माझा जीव तिच्यात उगाच नव्हता. आणि लगेच, अगदी लगेच, भीती वाटली. लोक काय म्हणतील? नियम माझा, भाषण माझं, अनारसे माझे. मीच खायला घालायचं आणि मीच पकडायचं. वर्षभर मंडळात दुसरा विषय नसता. 'माधुरीकाकूंचे अनारसे' म्हणून लोकांनी हसून घेतलं असतं. हो, एवढंच. कुणी मला घराबाहेर काढणार नव्हतं. कुणी माझी खोली काढून घेणार नव्हतं. माणसं हसली असती, बस. आणि तेवढं मला सोसवणार नव्हतं. मी कप धुतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि खाली जाऊन कचऱ्यात टाकला. माझी टेस्ट कोण करणार होतं? मी देणाऱ्यांतली होते.

सईने विचारलं, सांगितलंस का त्यांना? मी म्हणाले, सांगते. दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडली. खूप दिवसांनी पडली होती, मोठी झाल्यापासून टाळायची.

खोली नाही म्हणून इंटर्नशिप गेली, आणि इंटर्नशिप नाही म्हणून पदवी अडली. वडिलांनी सांगितलं, परत ये. विमानं मोजकीच होती, एकात जागा मिळाली. जाण्याच्या आदल्या दुपारी ऋतुजा डबा परत द्यायला आली. वर आली नाही. मी खाली गेले. मास्क लावून कालव्याकाठच्या बाकावर दोन टोकांना बसलो. डब्यात साखर होती. त्याही दिवशी रिकामा दिला नाही तिने. बदकांकडे बघत ती म्हणाली, "काकू, मी खरंच काही घेतलं नव्हतं. माझं मलाच कळत नाही. मग आलं कुठून?"

मी तुम्हाला विचारते, याहून सोपा प्रश्न कुणी कुणाला विचारला असेल? उत्तर माझ्या तोंडात होतं. एक शब्द होता. बेस्टला फोन केला असता तर अजूनही वेळ होता – अमृताने खोली दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, मला माहीत होतं. विमानाचं तिकीट तर काय, रद्द करता येतं.

मी म्हणाले, "तुझ्या घरातल्या त्या मुलीने काही घातलं असेल खाण्यात. तिचं काय सांगता येतं? आधीच सांगणार होते तुला, संगत बघून करावी."

अडखळलेसुद्धा नाही. मावशीने किंवा काकूने सांगावं तसं, समजुतीच्या सुरात सांगितलं. तिने मास्क नाकावर ओढला. मग म्हणाली, "कियारा? नाही हो." आणि थोड्या वेळाने, "असेलही." तिला कुठेतरी दोष ठेवायला जागा हवी होती, आणि मी ती काढून दिली. ती उठली, वाकून नमस्कार करायला लागली, अंतर ठेवायचं म्हणून मध्येच थांबली. मी लांबूनच आशीर्वाद दिला. दिला मी तो, तोंड वर करून.

परभणीला पोचल्यावर तिचा मेसेज आला. नीट पोचले, सगळे बरे आहेत, वगैरे. शेवटी लिहिलं होतं, कियाराशी निघताना बोलले नाही, तिने स्टेशनपर्यंत बॅग आणली तरी बोलले नाही, तुम्ही म्हणालात तेच खरं वाटतं. मी तो मेसेज वाचला आणि काकड्या चिरायला घेतल्या. कोशिंबिरीसाठी. दुसरं काही केलं नाही.

डबे पुढेही चालले. त्या हिवाळ्यात कालवा गोठला, मुलं त्यावर घसरायला आली, समोरच्या आजीबाईंनी खिडकीतून त्यांच्यासाठी चॉकलेटं टाकली. मी बाल्कनीतून बघत होते. किती सुंदर दिवस होते, असं अजून मनात येतं, आणि येतं तेव्हा मला माझीच किळस वाटते. पण येतं. ते खोटं कसं म्हणू?

मग सगळं उघडलं. पुढच्या एका वसंतात सईच्या शाळेत वादविवाद होता, पालकांना बोलावलं होतं. कितीतरी दिवसांनी एवढी माणसं एका हॉलमध्ये, मास्कशिवाय. विषय असा: सरकारी भत्ता घेणाऱ्यांची ड्रग टेस्ट सक्तीची करावी का? सई विरोधी बाजूने. माझं डच बेतास बात, पण तिचं मला सगळं समजलं. गरज असलेल्या माणसाला आधी संशयित ठरवायचं आणि मग घास द्यायचा, हे चूक आहे, असं ती म्हणाली. शिवाय टेस्टही चुकतात. आणि मग तिने उदाहरण दिलं. माझ्या आईने असा नियम केला होता, तिच्याच हातच्या दिवाळीच्या पदार्थामुळे एक मुलगी त्यात सापडली. पण माझ्या आईने सगळ्यांसमोर ते कबूल केलं. मुलीला घर मिळालं नाही, तोपर्यंत उशीर झाला होता. पण आईने कबूल केलं. चूक करणारे सगळेच असतात, म्हणाली, बोलून दाखवणारे थोडे.

लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. टाळ्या झाल्या. सतीशने माझा हात दाबला. त्याला वाटलं, त्याला न सांगता मी केव्हातरी हे करून मोकळी झाले. सईच्या बाई उठून माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. त्या दिवसांत लोक नुकते कुठे पुन्हा हात मिळवायला लागले होते. मी माझा हात पुढे केला. हसलेसुद्धा.

ऋतुजा आता पुण्यात आहे. पदवी राहिली ती राहिलीच. एका छोट्या कंपनीत नोकरी करते, लग्न झालं, बरं चाललं आहे. बरं चाललं आहे असं सांगून मी स्वतःसाठी सवलत मागत नाही. तुम्ही विचाराल म्हणून सांगितलं. कियारा कुठे आहे ते मला माहीत नाही. दर दिवाळीला ऋतुजाचा मेसेज येतो, काकू, तुमच्यासारखे अनारसे मला अजून जमत नाहीत, पीठ विरघळतं, तुम्ही काय करता? मी कृती पाठवते. तांदूळ तीन दिवस, पाणी रोज बदलायचं, गूळ जुना घ्यायचा. बाकी काही लिहीत नाही. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, इथे हे लिहिताना फोन शेजारीच पडला आहे. तुम्हाला सांगितलं. तिला नाही.